लोरिस कोठे राहतो? एका नकाशाचा इतिहास

अमुक प्राणी कोठे राहतो, हा प्रश्न वरवर पाहता अगदी साधा आहे. वाघ कोठे राहतो असे विचारले तर शाळकरी पोरही ‘जंगलात’ म्हणून सांगेल आणि गुरुजी त्याला पुरे गुण देतील. परंतु कोणत्या जंगलात, किती पावसाच्या, किती उंचीवरच्या, आणि त्याची वस्ती नेमकी कोठे संपते, असे पुढचे प्रश्न विचारू लागलो की गुरुजींचीही पंचाईत होते. त्यातून तो प्राणी लहान असेल, झाडावर राहणारा असेल आणि सारे जग निजल्यावर आपला दिवस सुरू करणारा असेल, तर ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळवावयास माणसाला अडीचशे वर्षे लागतात. आज आम्ही ज्या प्राण्याविषयी बोलणार आहो, त्याच्या बाबतीत असेच घडले. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांवर आणि जाणत्यांना विचारलेल्या प्रश्नांवर आमची भिस्त आहे. परंतु ह्या इतिहासात आमच्यासारख्या माणसाला ओळखीचे वाटावे असे पुष्कळ आहे, म्हणूनच हा विषय घेण्याचे धाडस केले.

ह्या प्राण्याचे नाव लोरिस. दक्षिण भारत आणि श्रीलंका ह्यांबाहेर हा सडपातळ लोरिस जगात कोठेही रानात सापडत नाही. तो नरवानर गणातला आहे, म्हणजे माकडे, वानर आणि आपण स्वतः ज्या गणात मोडतो त्याच गणातला. परंतु त्या गणाच्या फार जुन्या शाखेतला. वजन पाव किलोच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. शेपूट नाही. हातपाय काटकुळे, बोटांची पकड मात्र चिमट्यासारखी. चेहऱ्याच्या मानाने डोळे फारच मोठे, आणि त्या डोळ्यांच्या मागे प्रकाश परत फेकणारा एक पडदा आहे. त्यामुळे अंधारात बॅटरीचा झोत पडला की दोन लालसर निखारे पेटल्यासारखे दिसतात. दिवसभर हा प्राणी दाट फांद्यांत अंगाचा गोळा करून झोपतो आणि अंधार पडल्यावर फांदीफांदीवरून, पानही न हलविता, मुंग्या, वाळवी आणि किडे शोधीत फिरतो. कन्नड माणूस त्याला ‘काडु पापा’ म्हणतो, म्हणजे रानातले बाळ. तमिळ माणूस ‘तेवांगु’ म्हणतो. ही नावे कोणा पंडिताने ठेविलेली नाहीत. रात्री रानात वावरणाऱ्या माणसांनी ठेविलेली आहेत, आणि पंडितांच्या नावांहून ती बरीच जुनी असली पाहिजेत.

पंडितांच्या दप्तरात लोरिसची पहिली नोंद १७५८ सालची. स्वीडनमधील लिनियस ह्याने जगातील प्राण्यांची जी पद्धतशीर यादी केली तिच्या दहाव्या आवृत्तीत लोरिस आला, तो ‘लेमुर टार्डिग्रेडस’ ह्या नावाने. जुन्या रोमन लोकांत रात्री हिंडणाऱ्या भुतांना लेमुरेस म्हणत. आणि टार्डिग्रेडस म्हणजे हळू चालणारा. तेव्हा आमच्या ह्या शेजाऱ्याचे शास्त्रीय जगातील पहिले नाव ‘हळू चालणारे भूत’ असे पडले! १७९६ साली फ्रान्सच्या जॉफ्रॉय ह्यांनी त्याला लेमुरांतून वेगळे काढून ‘लोरिस’ हे स्वतंत्र कुलनाम दिले. पण तो राहतो कोठे? लिनियसच्या यादीत त्याचे उत्तर एका शब्दात होते: सिलोन. म्हणजे अख्खे बेट. कोणत्या डोंगरात, कोणत्या झाडावर, हे विचारण्याची त्या वेळी कोणाला गरजच भासली नाही. युरोपातल्या बंदरात जे कातडे उतरले त्यावर जहाज कोठून निघाले तेवढे लिहिलेले असे, आणि तोच प्राण्याचा पत्ता समजला जाई.

पुढची दीडशे वर्षे बहुतेक अशीच गेली. १९०८ साली माद्रिदच्या आंगेल काब्रेरा ह्यांनी मद्रासकडील लोरिस सिलोनच्या लोरिसहून वेगळा असल्याचे सांगून त्याला इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ लिडेकर ह्यांचे नाव दिले. आता पत्ता झाला: मद्रास. हाही मोठा मोघम पत्ता. परंतु लवकरच अशी एक गोष्ट घडली की जिचा उगम आमच्या मुंबईत आहे, आणि म्हणून ती येथे सांगितलीच पाहिजे.

मुंबईत १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. ह्या संस्थेने १९११ साली वर्गणी गोळा करावयास घेतली, आणि हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांची पाहणी करण्यासाठी पगारी संग्राहक नेमले. पहिला अहवाल निघाला तो खानदेशाचा, १९१२ साली. मग वऱ्हाड, कच्छ, धारवाड, कारवारकडचा मुलूख, कुर्ग अशी ही माणसे तंबू घेऊन हिंडत राहिली. पाहणी १९२३ पर्यंत चालली. तिचे महत्त्व नुसत्या कातड्यांच्या संख्येत नाही. प्रत्येक कातड्याला एक चिठ्ठी बांधलेली असे, आणि त्या चिठ्ठीवर गाव, तारीख, उंची आणि पकडणाऱ्याचे नाव लिहिलेले असे. प्राण्याचा पत्ता ‘मद्रास’ नव्हे, तर अमुक तालुक्यातील अमुक गाव, हा दंडक ह्या पाहणीने आपल्या देशात घालून दिला. आज गणकयंत्रापुढे बसून जो नकाशा काढतात, त्याची पहिली वीट ही चिठ्ठी होय.

जंगलखात्यातून निवृत्त झालेले रॉटन नावाचे साहेब लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून ही कातडी तपाशीत. दक्षिण कुर्गमधील कुट्टा ह्या गावच्या लोरिसचे कातडे मद्रासकडच्या कातड्याशेजारी ठेवल्यावर त्यांना दोहोंत फरक दिसला. कुर्गचा लहान आणि तांबूस, पूर्वेकडचा मोठा आणि राखी. १९१७ साली मुंबईच्या संस्थेच्याच नियतकालिकात त्यांनी कुर्गच्या लोरिसला ‘मलबारिकस’ असे नाव दिले. रॉटन ह्यांनी ती वेगळी जात मानली. पुढे शास्त्रज्ञांनी तिला उपजातीचा दर्जा दिला. तेव्हापासून भारतातील लोरिसच्या दोन उपजाती मानतात: पश्चिमेकडील मलबारी आणि पूर्वेकडील म्हैसुरी.

सिलोनमध्येही हेच काम चालू होते. कोलंबोच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीरशास्त्र शिकविणारे ऑस्मन हिल ह्यांनी १९३३ साली लोरिसवर एक मोठा प्रबंध लिहिला, आणि चहामळेवाले फिलिप्स ह्यांच्यासमवेत व स्वतंत्रपणे तेथील उपजाती निरनिराळ्या केल्या. त्यांतली एक, दाट केसांची, हॉर्टन प्लेन्सच्या थंड पठारावरची, त्यांनी १९४२ साली नोंदविली. त्यानंतर ती इतकी क्वचित कोणाच्या नजरेस पडली, की ती नष्ट झाली की काय असे लोकांस वाटू लागले. अखेर २०१० साली त्या लोरिसचे जिवंतपणी घेतलेले छायाचित्र जगापुढे आले. हॉर्टन प्लेन्सवर तो सर्व काळ होताच. आम्ही तेथे रात्रीचे पुरेसे गेलो नव्हतो, एवढेच. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता प्रश्न असा की, एकाच देशात, एकाच नावाच्या प्राण्याचे हे दोन प्रकार का व्हावेत? ह्याचे उत्तर आपल्या ओळखीच्या सह्याद्रीत आहे. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून तीस-बत्तीस किलोमीटर घाट उतरून वाईस या. तेथे त्याचा पाचवा हिस्साही पडत नाही. समुद्रावरून येणारा वारा डोंगराला अडतो, वर चढतो, थंड होतो, आपले पाणी पश्चिम अंगावर टाकून देतो आणि पूर्वेकडे कोरडा होऊन उतरतो. हाच सह्याद्री दक्षिणेत कर्नाटक, केरळ, तमिळनाडूपर्यंत गेलेला आहे आणि तेथेही त्याची हीच करणी चालते. घाटाच्या अंगावर सदाहरित ओले रान, आणि पाठीमागे थोड्याच अंतरावर बाभळी, बोरी, काटेरी झुडपे. माणसांचे अन्न, घरे, पिके जशी घाटाच्या दोन्ही बाजूंना बदलतात, तशी लोरिसची ठेवणही बदलली. तांबूस, लहान लोरिस ओल्या रानाचा. राखी, मोठा लोरिस कोरड्या रानाचा.

येथे इतिहासातील एक योगायोग सांगण्यासारखा आहे. ज्या १९१७ साली रॉटन ह्यांनी मलबारी लोरिसला नाव दिले, त्याच साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या ग्रिनेल नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने तेथील एका पक्ष्याविषयी निबंध लिहिला. हा पक्षी येथेच का राहतो आणि पलीकडे का राहत नाही, असा त्याचा प्रश्न होता. उत्तरासाठी त्याने जो शब्द वापरला त्याचा मूळ अर्थ भिंतीतला कोनाडा. जुन्या घरात दिव्याचा कोनाडा वेगळा, देवाचा वेगळा. तसा निसर्गाच्या घरात प्रत्येक जिवाचा कोनाडा ठरलेला असतो. किती ऊन, किती पाऊस, कोणती झाडे, लपावयास कोणती जागा, ह्या साऱ्यांनी मिळून तो कोनाडा घडतो. १९५७ साली हचिन्सन ह्यांनी हा विचार गणिताच्या भाषेत मांडला. उष्णतेची एक पट्टी घ्या, पावसाची दुसरी, आणखी जितक्या गोष्टी त्या जिवाला लागतात तितक्या पट्ट्या घ्या; प्रत्येक पट्टीवर तो जीव कोठपासून कोठपर्यंत तगतो ते मांडा; सर्व पट्ट्या मिळून जी जागा बांधली जाते तोच त्याचा कोनाडा.

विचार उत्तम होता, पण हिशेब मोठा होता. हजारो ठिकाणचा पाऊस, हजारो ठिकाणची उष्णता हातांनी कोण मांडणार? ते काम गणकयंत्राने केले. ऑस्ट्रेलियात १९८० नंतरच्या दशकात ‘बायोक्लिम’ नावाची रीत निघाली. पुढे दुसऱ्या रीती आल्या. त्यांतली ‘मॅक्सेंट’ ही २००६ नंतर जगभर वापरात आली. आदल्याच वर्षी सबंध पृथ्वीच्या जमिनीचे सुमारे एक-एक किलोमीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाची उष्णता व पाऊस सांगणारे तक्ते प्रसिद्ध झाले होते. आता सर्व सामग्री जुळली: चिठ्ठीवरचा पत्ता, कोनाड्याचा विचार, हवामानाचे तक्ते आणि हिशेब करणारे यंत्र.

हे काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात गूढ असे काही नाही. ज्या ज्या ठिकाणी लोरिस खरोखर दिसला ती ठिकाणे नकाशावर टिंबांनी मांडतात. प्रत्येक टिंबाच्या जागी पाऊस किती, सर्वांत कोरड्या महिन्यात किती, थंडी किती, उंची किती, हिरवाई किती, हे तक्त्यांवरून काढतात. यंत्र ह्या साऱ्यांची तुलना आसपासच्या मुलखाशी करते, आणि लोरिस जेथे सापडला तेथे कोणत्या गोष्टी वारंवार एकत्र येतात ते हुडकते. मग ज्या चौकोनांत कोणीही गेलेले नाही तेथे तशाच गोष्टी आहेत का ते पाहून त्या चौकोनाला गुण देते. शहाणा माणूस काही टिंबे आधीच बाजूला काढून ठेवतो, यंत्राला दाखवीतच नाही. नकाशा तयार झाल्यावर ती लपविलेली टिंबे त्यावर मांडून पाहतात. ती गुणवान चौकोनांत पडली तर नकाशा बरा. ओसाड चौकोनांत पडली तर पुन्हा आरंभ करावयाचा.

भारतीय लोरिसच्या बाबतीत हे काम आपल्याच देशातील लोकांनी केले. २००६ साली एच. एन. कुमारा, म्हैसूर विद्यापीठाचे मेवा सिंग आणि त्यांचे सहकारी ह्यांनी कर्नाटकातील लोरिसच्या वस्तीची पाहणी प्रसिद्ध केली. रात्री डोक्याला दिवा बांधून वाटेने सावकाश चालावयाचे, झाडांत लाल डोळे चमकले की थांबावयाचे, ठिकाण, झाड व उंची टिपावयाची आणि किलोमीटरमागे किती प्राणी दिसले ते मांडावयाचे, अशी ह्या कामाची रीत आहे. त्यानंतर २००९ साली कुमारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातील दोन्ही उपजातींचा संभाव्य वस्तीचा नकाशा ह्या नव्या रीतीने काढला. रॉटन साहेबांनी कातड्याच्या रंगावरून जे म्हटले होते ते पावसाच्या आकड्यांवरून पुन्हा सिद्ध झाले: मलबारी लोरिस पश्चिम घाटाच्या ओल्या रानाला बांधलेला, आणि म्हैसुरी लोरिस घाटाच्या पूर्वेकडील कोरड्या मुलखाचा. लिनियसच्या एका शब्दापासून ह्या नकाशापर्यंत बरोबर दोनशे एक्कावन्न वर्षे झाली.

तर मग काय मिळविले? कोणी म्हणेल, दोन रंगांचे दोन पट्टे. पाव किलोच्या जनावरासाठी एवढा खटाटोप! आमचे म्हणणे असे की, हे दोन पट्टे वेगळे दाखविणे हीच ह्या नकाशाची खरी कमाई आहे. ते का, हे सांगताना आम्हांला आमच्या धंद्यातील एक गोष्ट सांगावी लागेल.

आम्ही कामगारांच्या संघटनेत तीस वर्षे काढली. एका कारखान्यात, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, आम्ही वेतनाचा करार केला. गुलाल उधळला, पेढे वाटले. आठ दिवसांनी रात्रपाळीला फाटकाशी चहा घेत उभे होतो, तेव्हा आत जाणाऱ्या माणसांत अनोळखी चेहरे दिसले. विचारपूस केली तेव्हा कळले, की ही कंत्राटदाराची माणसे. दिवसा ती येत नाहीत आणि हजेरीपटावर त्यांची नावे नाहीत. आमच्या कराराचा त्यांना एका पैचा उपयोग नव्हता. आम्ही ‘कारखान्यातील कामगार’ असा एकच शब्द लिहिला होता आणि त्या एका शब्दाखाली दोन निराळ्या स्थितींतली माणसे झाकली गेली होती. दिवसा मोजणी केली म्हणून रात्रीची माणसे आमच्या हिशेबात आलीच नाहीत. चूक मालकाची होतीच, पण निम्मी आमची होती. त्यानंतर आम्ही कोठेही मागणीपत्रक लिहिण्यापूर्वी दोन रात्री फाटकावर काढण्याचा नेम केला.

लोरिसच्या बाबतीत हेच समजावयाचे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लोरिसला पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या बरोबरीने, संरक्षण दिले आहे. कागद चांगला आहे. परंतु संरक्षण प्रत्यक्षात जमिनीवर मिळते, आणि जमीन राखून ठेवताना सरकारचे व आपले सर्वांचेच लक्ष उंच झाडांच्या, धबधब्यांच्या, हिरव्यागार रानांकडे जाते. ती राने राखलीच पाहिजेत; मलबारी लोरिसला त्यांचा आसरा आहे. परंतु ‘लोरिस’ असा एकच शब्द लिहून, पश्चिम घाटात अभयारण्ये आहेत तेव्हा लोरिसची सोय झाली, असे म्हटले, की म्हैसुरी लोरिस त्या शब्दाखाली झाकला जातो. कारण त्याचे घर काटेरी झुडपांत, माळावर, शेताच्या कुंपणात, गावालगतच्या झाडीत आहे. महसुली दप्तरात ज्या जमिनीला आपण पडीक म्हणतो, तीत ह्याचा संसार आहे. पडीक जमीन घेताना कोणी विचारीत नाही. तेथे रस्ता रुंद होतो, खाणी लागतात, झुडपे साफ होतात. लोरिस झाडावरून झाडावर उडी मारीत नाही, फांदीला फांदी लागलेली असेल तरच तो पुढे जातो. मध्ये फट पडली की त्यास जमिनीवर उतरून रस्ता ओलांडावा लागतो आणि मोटारीखाली तो मरतो. विजेच्या तारांवरून जाऊ लागला तर तेथेही मरतो. शिवाय त्याचे मोठे डोळे आणि विचित्र रूप ह्यांमुळे जादूटोण्यासाठी व गावठी औषधासाठी त्याला पकडण्याचे प्रकार होतात ते वेगळेच.

म्हणून दोन पट्टे वेगळे दाखविणारा नकाशा हा शास्त्रज्ञांचा शौक नव्हे. तो एक हजेरीपट आहे, आणि त्यात कोरड्या रानाच्या लोरिसचे नाव स्वतंत्र लिहिले गेले आहे. अशा नोंदींचा उपयोगही होतो. २०२२ सालच्या ऑक्टोबरात तमिळनाडू सरकारने करूर आणि दिंडुक्कल जिल्ह्यांतील ११,८०६ हेक्टर रान कडवूर लोरिस अभयारण्य म्हणून जाहीर केले. लोरिससाठी म्हणून राखलेले देशातील हे पहिले अभयारण्य, आणि ते आहे कोरड्या टेकड्यांच्या मुलखात. ह्या दिंडुक्कलच्या बाजूलाच १९९७-९८ साली अॅना नेकारिस ह्या विदुषीने महिनोन्‌महिने रात्री जागून लोरिसचा अभ्यास केला होता. त्याही आधी तेथील गावकऱ्यांना तेवांगु ठाऊक होताच. गावकऱ्यांची ओळख, अभ्यासकांची टिपणे, नकाशा आणि सरकारी हुकूम ह्या क्रमाने हे काम झाले. हुकूम शेवटी आला, पण आला.

आता ह्या नकाशाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर आम्ही यंत्राचे भाट ठरू. पहिली मर्यादा अशी की, यंत्राला टिंबांपलीकडचे काही कळत नाही, आणि टिंबे तेथेच पडतात जेथे माणूस जातो. माणूस रस्त्याच्या कडेने जातो, विश्रामगृहाजवळ जातो, परवानगी मिळते तेथे जातो. मग यंत्राला वाटते, की लोरिसला रस्ते आवडतात! शास्त्रज्ञ ह्याचा हिशेब दुरुस्त करण्याच्या युक्त्या योजतात. तरी मूळ दोष पायांचा आहे, तो पायांनीच भरून निघावयाचा. दुसरी मर्यादा: जागा योग्य असली म्हणजे प्राणी असतोच असे नाही. खोली रिकामी आहे म्हणून भाडेकरू आलाच असे होत नाही. पूर्वी तेथे शिकार झाली असेल, मधली नदी ओलांडता आली नसेल, झाडी तुटून ते रान बेटासारखे एकटे पडले असेल. तिसरी मर्यादा सर्वांत मोठी, आणि हॉर्टन प्लेन्सची गोष्ट आम्ही ध्यानात ठेवावयास सांगितली ती ह्याचसाठी. नकाशावर जेथे टिंब नाही तेथे प्राणी नाही, असे वाचणे ही भयंकर चूक आहे. पुष्कळदा त्या कोऱ्या जागेचा अर्थ एवढाच असतो, की तेथे रात्री कोणी गेले नाही. एखादा प्रकल्प काढणारा मनुष्य नकाशा पुढे टाकून ‘पाहा, येथे एकही नोंद नाही’ म्हणू लागला, तर आपण त्याला विचारावे: तुमची माणसे तेथे किती रात्री फिरली? आम्ही हा प्रश्न कारखान्याच्या साहेबांना पुष्कळदा विचारला आहे, आणि उत्तरादाखल बहुधा खोकला ऐकला आहे.

तेव्हा असा नकाशा म्हणजे निकालपत्र नव्हे. पुढे कोठे जाऊन पाहावयाचे त्याची ती यादी आहे. ज्या चौकोनांना यंत्राने चांगले गुण दिले पण जेथे अजून टिंब नाही, तेथे आधी जावे. कधी लोरिस सापडेल, नकाशा खरा ठरेल. कधी सापडणार नाही, मग का नाही हा नवा प्रश्न हाती येईल. आणि कधी यंत्राने नापास केलेल्या जागीही तो निघेल. बंगळूरसारख्या गजबजलेल्या शहरात, भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील झाडांत, लोरिस राहतो. काबेरी कर गुप्ता ह्या शास्त्रज्ञ बाईंनी तेथील सामान्य नागरिकांना बरोबर घेऊन शहरातल्या लोरिसची मोजणी चालविली. दिवसा कचेरीत काम करणारी माणसे रात्री लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन झाडे पाहत हिंडू लागली. आम्हांला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. विद्या ही प्रयोगशाळेच्या भिंतीत राहत नाही. ज्याला दोन पाय आहेत आणि खरे टिपण्याची सवय आहे त्याला तिच्यात वाटा मिळतो.

वाट्याची गोष्ट निघाली म्हणून अखेरचे एक म्हणणे मांडतो. १९१२ पासूनच्या त्या पाहणीतील चिठ्ठ्यांवर संग्राहक साहेबांचे नाव असे. परंतु लोरिस कोणत्या झाडावर झोपतो हे साहेबाला बहुधा त्या रानातल्या माणसाने दाखविले असले पाहिजे. त्याचे नाव चिठ्ठीवर क्वचितच आले. आजच्या निबंधांत अशा माणसांचे आभार शेवटी मानलेले असतात, ही सुधारणा खरी. पण रात्री पुढे चालणारा वाटाड्या आणि रोजंदारीवरचा वनरक्षक ह्यांच्या पायांनीच नकाशावरचे प्रत्येक टिंब पडलेले असते. त्यांची मजुरी आणि त्यांचा मान ह्यांचा हिशेब राहूनच जातो. अभयारण्य जाहीर करताना त्यांच्याच गुरांच्या, सरपणाच्या वाटा बंद करावयाच्या आणि मग प्राण्याचे रक्षण त्यांनी करावे अशी अपेक्षा धरावयाची, हे न्यायाचे नाही आणि शहाणपणाचेही नाही. ज्याने त्या प्राण्याला रानातले बाळ म्हटले, तो त्याचा शत्रू नव्हे. त्याला बरोबर घेतले तर अकरा हजार हेक्टरांना कुंपण लागणार नाही. त्याला बाहेर ठेविले तर कोणतेही कुंपण पुरणार नाही.

लोरिस कोठे राहतो, ह्या प्रश्नाचे आजचे उत्तर असे आहे: एक घाटाच्या ओल्या अंगाला, दुसरा कोरड्या अंगाला, आणि आणखी कोठे, ते पाहावयास रात्री गेले पाहिजे. उत्तराचा पूर्वार्ध मिळवावयास अडीचशे वर्षे लागली. उत्तरार्धासाठी तेवढा अवधी आपल्या हाती नाही, कारण काटेरी झुडपे साफ करणारी यंत्रे नकाशा काढणाऱ्या यंत्रांहून जलद चालतात. घाटाच्या पूर्वेकडचा आपला मुलूखही असाच कोरडा, काटेरी आणि दप्तरात पडीक म्हणून लिहिलेला आहे. तेथे लोरिस नसेल. पण रात्री जागे असणारे दुसरे पुष्कळ जीव आहेत, ज्यांची हजेरी कोणी घेतलेली नाही. श्रोत्यांपैकी दहा-वीस जणांनी जरी येत्या उन्हाळ्यात एखादी रात्र तिकडे काढली आणि जे दिसले ते गाव, तारीख व वेळ घालून टिपून ठेविले, तरी ह्या व्याख्यानाचे चीज झाले असे आम्ही समजू.